पठाण दुखावलाय

पठाण म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? खरं सांगा. तुम्हाला कुणाचं तरी आडनाव आठवलं असेल, नाहीतर जुन्या गोष्टींतला व्याजबट्टा करणारा काबुली. वर्षभरापूर्वी मलाही तेच आठवलं असतं. पण आपल्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या एखाद्या सुताराला विचारा. तो वाळूत बोटाने एक लांब रेघ ओढील आणि म्हणेल, हा पठाण. होडीच्या तळाशी, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जाणारं मुख्य लाकूड. माणसाला पाठीचा कणा, तसा होडीला पठाण. बाकीच्या फळ्या त्याच्या जिवावर उभ्या असतात.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर अडलं आहे. आणखी एक सांगते. मला इथे इशारा छापायचा होता. संपादक म्हणाले, "इशारा नको, वाद होतील. राघोआबांवर स्मृतिलेख दे, तो छापतो." म्हणून हा स्मृतिलेख. आबा, मी तुमच्याशी बोलते आहे, पण मुद्दाम मोठ्याने बोलते आहे.

तुम्हाला जाऊन आज पंधरावा दिवस. तेराव्याचं जेवून लोक आपापल्या कामाला लागले. मी रोज सकाळी भाट्याच्या खाडीवर जाते आणि तुम्ही बांधलेलं जहाज अजून उभं आहे का ते बघते. नारळींच्या वर डोलकाठ्यांची तीन टोकं दिसली की बरं वाटतं. मग जवळ जाते आणि पुन्हा घाबरते. भीती अशी असते हे मला आमच्या घरातल्या चळवळीच्या पत्रकांनी कधी सांगितलं नव्हतं. पत्रकांतली माणसं पेटून उठतात, मुठी आवळतात. धक्क्याच्या कठड्याला धरून ती उभी राहत नाहीत.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती भांडायला. गावात सागरी इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं आणि त्यातलं मुख्य आकर्षण म्हणून कंपनी सरकारच्या जमान्यातलं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, मूळच्या निम्म्या मापाचं, नव्याने बांधून घ्यायचं होतं. समितीने ते काम तुम्हाला दिलं. मी त्याविरुद्ध पत्रक काढलं. आमच्या घरात मुलांना पाटीच्या आधी पत्रक मिळायचं. वडील सायक्लोस्टाइल यंत्रावर कागद काढायचे, आई घड्या घालायची आणि मी 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून वाचायला शिकले. तेव्हा हातात पंचवीस पत्रकं आणि डोक्यात संताप घेऊन मी तुमच्या मांडवात शिरले. तुम्ही तासणीने एक फळी तासत होता. मान वर न करता विचारलंत,

"काय तां हातात?"

"पत्रक. तुमच्या जहाजाच्या विरोधात."

"माझ्या? बरा. वाच बघू. माका वाचता येत नाय."

मी वाचलं. ज्या जहाजांनी आपली लूट साता समुद्रांपलीकडे वाहून नेली त्यांची आपणच आरती ओवाळायची का, वगैरे. आवाज चढवून वाचलं. तुमची तासणी चालूच होती. वाचून झाल्यावर म्हणालात,

"बरा लिवलंयस गो. पन एक चूक हाय."

"कुठली?"

"गोऱ्यांनी बांधलेली जहाजं, असा लिवलंयस. गोऱ्यानं एक खिळा ठोकला नाय. तां आमच्या खापरपणज्यानं ठोकलेलं."

"आणि बांधून दिलं कुणाला?"

तासणी थांबली. तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. "जा गो बाय, जेवायची येळ झाली," म्हणालात आणि फळी उलटी केलीत.

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला शेवटपर्यंत दिलं नाहीत. मध्येच कधीतरी, चार-आठ दिवसांनी, फळ्यांच्या फटींत भरायच्या कापसाच्या वाती तेलात बुडवता बुडवता म्हणायचात, "बांधनारा लाकडाकडं बघतो, मालकाकडं नाय." मी म्हणायची, "बघायला पाहिजे, आबा." तुम्ही म्हणायचात, "मग तू बघ. तुझे डोळे तरने हायत." आणि हसायचात. मी तावातावाने घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. कॉलेजच्या वर्गात मला जे कुणी शिकवलं नाही ते मी त्या मांडवात शिकले. लाकडावर थाप मारून आत पोकळ आहे का ते ऐकायचं. लाकडाला चोपडायच्या मुशी माशाच्या तेलाचा वास केसांत गेला की तीन दिवस निघत नाही. आपल्याशी असहमत असलेल्या माणसाच्या डब्यातली भाकरी खाता येते. हे शेवटचं आमच्या घरात कुणालाच जमत नव्हतं.

समितीच्या चिटणीसांनी तुम्हाला एक कॅलेंडर आणून दिलं होतं. त्यावर जहाजाचं चित्र. तुम्ही ते उलटसुलट करून बघितलंत.

"सायब, ही एकच बाजू हाय. दुसरी?"

"दुसरीही अशीच असणार की, आबा!"

"आनि पान्याखाली काय हाय?"

"ते चित्रात दिसत नाही. आणि आपल्याला करायचं काय? जहाज जमिनीवर ठेवायचंय. लोक खालून बघणार."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. जमिनीवर ठेवायचंय. लोक खालून बघणार. तुमच्या कामाचं सगळं गणित त्यावर बसलेलं होतं. पठाणाला लागतं तेवढं लांब, सरळ, मुरलेलं लाकूड समितीकडून आलंच नाही. आले ते दोन आखूड ओंडके, त्यातला एक अजून ओला. तुम्ही ते दोन्ही मधोमध सांधलेत. मी विचारलं, हे चालतं का? तुम्ही म्हणालात, "पान्यात नाय चालत. पन ह्या टेकूवर बसून ऱ्हानार. बसनाऱ्याला कमजोर पाठबी चालते." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झालात.

जहाज उभं राहिलं तेव्हा मी माझी सगळी तत्त्वं विसरून तोंड उघडं टाकून बघत राहिले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पार पावस गावापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला असतात. पांढरी शिडं, काळी कूस, पिवळ्या रंगाची नक्षी. लोक संगमेश्वराहून एस. टी. करून बघायला यायला लागले. आणि मग समितीत कुणीतरी म्हणालं, पाण्यात नसलेलं जहाज कसलं?

इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे, आबा. तुम्ही गेलात म्हणून हे भांडण सोडून देणं मला जमणार नाही. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. चिटणीस विचारायला आले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा नाहीच म्हणालात. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा गप्प बसलात. तिसऱ्यांदा म्हणालात, "माणसं चढवायची नाय. नुसता उभा करायचा." त्यांनी मान डोलावली. ते गेल्यावर मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही पायाकडे बघत म्हणालात,

"बाय, सगळा जलम मासेमारीच्या होड्या बांधल्या. असला एकदाच. जरासा तरंगताना बघतो."

मला तेव्हा दया आली. आज वाटतं, दया येण्यापेक्षा आणखी ओरडले असते तर बरं झालं असतं.

जहाज पाण्यात लोटलं त्या सकाळी अमावास्येची मोठी भरती होती. नारळ वाहिला. दोरखंडाला दोन्ही अंगांनी माणसं लागली. ओंडक्यांवरून जहाज सरकत गेलं आणि अर्ध्यात अडकलं. पुढचं टोक पाण्याने उचललेलं, मागचं अजून वाळूत, आणि मधल्या भागाला खालून आधार नाही. नेमक्या त्याच वेळी बँड सुरू झाला आणि फटाक्यांची माळ लागली. लाकूड करकरलं असेल, तो आवाज मला आला नाही. कुणालाच आला नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि हातात धरून उभे राहिलात, प्रेताला वाट देताना उभे राहतात तसे. मग जहाज पाण्यात गेलं, सरळ उभं राहिलं, टाळ्या पडल्या. लोकांनी तुमच्या गळ्यात हार घातला.

दोन दिवसांनी तुम्ही मला बोलावून समितीला चिठ्ठी लिहायला सांगितलीत. बरोबर काम केलेल्या सुतारांना तुम्ही काही बोलला नव्हतात. स्वतःच्या हातचा सांधा उघडला हे दुसऱ्या सुताराला तुमच्याने सांगवत नव्हतं. मला सांगवलं, कारण मला त्यातलं कळत नाही. तुम्ही बोललात, मी लिहिलं: "पठाण दुखावलाय. त्याच्यावर मानसं चढवू नका. त्याला पान्यातनं काढून कोरड्यात निजवा, मग मी बघतो."

मी तुमचा एक शब्द बदलला नाही. लोकांचे शब्द लोकांच्याच तोंडचे राहिले पाहिजेत, हे माझं तत्त्व. पठाण म्हणजे काय हे कंसात लिहावं असं क्षणभर वाटलं होतं. पण ज्याला किनाऱ्यावर जहाज हवं त्याने किनाऱ्याची भाषा शिकावी, असं म्हणून मी कंस घातला नाही. मोठी बाणेदार वाटले होते स्वतःला.

आठ दिवसांनी टपालाने उत्तर आलं. चिटणीस घाटावरून बदली होऊन आलेले. त्यांनी लिहिलं होतं: "आपला अर्ज मिळाला. जखमी कामगार श्री. पठाण यांच्याविषयी समितीस सहानुभूती आहे. तथापि हजेरीपटावर सदर नावाचा इसम आढळत नाही. तरी त्यांनी ओळखीच्या पुराव्यासह कार्यालयात समक्ष हजर राहावे."

मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही हसायला लागलात, हसता हसता खोकायला लागलात, डोळ्यांतून पाणी काढलंत. "अगो, चाळीस हात लांब हाय तो. हपिसाच्या जिन्यावरनं कसा चढवायचा?" मीही हसले. आपण दोघं त्या मांडवात पोट धरून हसत होतो आणि खाली खाडीत ओहोटी लागली होती. जहाज चिखलावर टेकत होतं. दर ओहोटीला ते असंच चिखलावर बसतं आणि दर भरतीला उठतं. दिवसातून दोनदा. प्रत्येक वेळी तो सांधा थोडा उघडतो, थोडा मिटतो. हे तुम्ही मला हसणं थांबल्यावर सांगितलंत, दोन हातांचे पंजे एकमेकांना लावून, उघडून, मिटून. ते पंजे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तुम्हाला त्या दिवसापासून ताप होता. मी एकटीच कार्यालयात गेले. पठाण म्हणजे जहाजाचा कणा, हे या खेपेला तोंडाने, हातवारे करून समजावलं. चिटणीस सभ्य माणूस आहेत. "ताई, बसा," म्हणाले, चहा मागवला. मग खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. माझंच पत्रक.

"शेवटची ओळ वाचता का?"

शेवटची ओळ मला पाठ होती. 'हे जहाज बुडालंच पाहिजे!' पुढे उद्गारचिन्ह.

"ते वेगळ्या अर्थाने होतं," मी म्हणाले.

"असेल. पण आधी तुम्ही म्हणालात बुडालं पाहिजे. आता म्हणता बुडणार. याला आम्ही इशारा समजायचा की धमकी?"

मी सांगितलं की तुम्हीच मला पाठवलं आहे. ते म्हणाले, "मग त्यांनाच आणा. सुतार सांगेल तर ऐकू. पाण्यात गेल्यावर उद्घाटनाला वीस पाहुणे वर उभे होते, काही झालं का? सुट्टीनंतर शाळांना तारखा दिल्या आहेत. एका वेळी साठ मुलं. उगीच घबराट कशाला?"

साठ मुलं. मी चहा तसाच ठेवून उठले.

तुम्हाला आणायला घरी आले तर तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. छातीत पाणी झालं होतं. मी खाटेशी बसून सगळं सांगितलं, पत्रकाची ती शेवटची ओळ सोडून. ती तुम्ही ऐकलेली होती म्हणा, पहिल्याच दिवशी. पण तिच्यामुळे माझं कुणी ऐकत नाही हे सांगायची लाज वाटली. तुम्ही उठायला लागलात. नर्सने दाबून धरलं.

"माका खाटेसकट ने," म्हणालात. "चार मानसं लाव आनि खाटेसकट ने त्या हपिसात."

"उद्या नेते, आबा. ताप उतरू दे."

तुम्ही माझा हात धरलात. तुमचा तळवा फळीसारखा कडक होता आणि गरम. "बाय, पोरां चढतील," म्हणालात. एवढंच. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. खाटेसकट न्यायला हवं होतं. नर्सने, डॉक्टरने, सगळ्या गावाने अडवलं असतं तरी न्यायला हवं होतं.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला सांगू शकले नाही. जहाज अडकलं तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की काहीतरी मोडलं. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो 'बरं झालं' असा. फक्त एक क्षण. माझं पत्रक खरं ठरलं म्हणून मला आनंद झाला, आबा. त्याच क्षणी मी ओरडून सगळ्यांना थांबवू शकले असते. तेव्हा जहाजावर कुणीही नव्हतं. दोर माणसांच्या हातात होते, उलट्या दिशेने ओढता आले असते. मी गप्प राहिले. तुम्हीही गप्प राहिलात. तुमचं गप्प राहणं मला समजतं, माझं समजत नाही.

तुमच्यापाशी मी माफी मागत नाही. तुम्ही "जेवायची येळ झाली" असं म्हणून ती उडवून लावाल. पण तुम्ही मला शिकवलंत ते वाया गेलेलं नाही. परवा राखणदाराची नजर चुकवून मी जहाजाच्या पोटात उतरले. खाली अंधार, तेलाचा आणि चिखलाचा वास. सांध्याच्या जागी, तुम्ही दाखवली होती तिथे, हात लावला. तुम्ही भरलेला कापूस बाहेर लोंबत होता. माझी चार बोटं आत गेली. वर येऊन राखणदाराला विचारलं, रोज पाणी किती काढता? तो म्हणाला, "आधी चार डबे निघायचे, आता अकरा निघतात. पानी सगळ्याच होड्यांत येतं, ताई. घाबरता कशाला?"

मी घाबरते, आबा. जहाज बुडेल म्हणून घाबरते. ते नाही बुडलं तर गाव जन्मभर मला हसेल, त्यालाही घाबरते. आणि बुडलं तर चिटणीसांच्या खणातलं ते पत्रक पोलिसांच्या टेबलावर जाईल, त्यालाही. पण या सगळ्या भीतींवर दुसरी एक भीती चढून बसली आहे. भरतीला तिथे दीड पुरुष पाणी असतं. साठ मुलं एकाच बाजूला धावतील, कारण त्या बाजूने समुद्र दिसतो. मूल दुसरं काय करणार?

म्हणून आता तुमच्याकडे पाठ फिरवते, आबा, आणि हे वाचणाऱ्यांकडे तोंड करते.

शाळांच्या फेऱ्या सोमवारपासून आहेत. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तो ठेवावा असं मी काही केलेलं नाही. मिऱ्यावर, राजिवड्यात, साखरतरला होड्या बांधणारी माणसं अजून आहेत. तुमच्यापैकी कुणाची ओळख असेल तर एकाला तरी शनिवारी ओहोटीच्या वेळी भाट्याला घेऊन या. मी तिथे असेन. त्याला खाली उतरवा, सांध्यावर हात ठेवू द्या आणि तो काय म्हणतो ते सगळ्यांसमोर म्हणू द्या. पठाण धड आहे असं तो म्हणाला, तर मी त्याच जागी उभी राहून समितीची आणि गावाची माफी मागीन.

आणि कुणीच आलं नाही, काहीच ठरलं नाही, तर निदान एवढं करा. सोमवारी तुमचं मूल घरी ठेवा. शाळेत कारण विचारलं तर माझं नाव सांगा.